धर्माबाद ते नॉर्थ ब्लॉक: एका आमदारकीचा हिशेब

१९५७ साली मुंबई द्वैभाषिक राज्याच्या विधानसभेत ३९६ जागा होत्या. कच्छच्या रणापासून चांद्याच्या जंगलापर्यंत पसरलेल्या त्या अवाढव्य राज्यात धर्माबाद हाही एक मतदारसंघ होता. तिथून निवडून आले होते शंकरराव भाऊराव चव्हाण. वय ३६. कायद्याचे शिक्षण घेतलेले, हैदराबाद मुक्तिसंग्रामात उमरखेडच्या छावणीवर काम केलेले, त्या संग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या मुशीत घडलेले. मराठवाडा निजामाच्या जुन्या मुलखातून मुंबई राज्यात येऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. ३९६ पैकी एक आमदार म्हणजे सभागृहाचा पाव टक्का.

या पाव टक्क्याचे पुढे काय झाले ते पाहा. १८ वर्षांनी, २१ फेब्रुवारी १९७५ रोजी, शंकरराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. १९८४ सरता सरता ते देशाचे गृहमंत्री झाले. १९८६ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री, १९८८ मध्ये देशाचे अर्थमंत्री, १९९१ ते १९९६ पुन्हा गृहमंत्री. मधल्या काळात शिक्षण, नियोजन आणि संरक्षण ही केंद्रातली खातीही त्यांच्याकडे येऊन गेली. १९६१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातल्या एका आमदारामागे सरासरी दीड लाख माणसे होती. १९९१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ८४.६ कोटी भरली. म्हणजे धर्माबादसारख्या एका मतदारसंघातून निघालेल्या माणसाच्या खांद्यावर शेवटी त्याच्या ५,६०० पट माणसांच्या सुरक्षेची जबाबदारी आली.

आणखी एक योग आहे. १९९१ साली पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही १९५७ सालीच पहिल्यांदा आमदार झाले होते, धर्माबादजवळून वाहणाऱ्या गोदावरीच्याच खालच्या अंगाला असलेल्या मंथनी मतदारसंघातून. तेही निजामाविरुद्धच्या लढ्यातले आणि तेही रामानंद तीर्थांचे अनुयायी. एकाच नदीकाठच्या दोन ग्रामीण मतदारसंघांतून एकाच वर्षी विधानसभेत गेलेले दोन आमदार ३४ वर्षांनी देशाचे पंतप्रधान आणि गृहमंत्री म्हणून शेजारी बसले.

पदांची ही यादी थक्क करणारी आहे. तरीही या कारकिर्दीतला सर्वांत मोठा आकडा कुठल्याच पदाच्या पाटीवर लिहिलेला नाही, असे मला वाटते. तो आकडा ६० टीएमसी हा आहे. तो नीट समजला की आमदार कशासाठी निवडायचा असतो, हेही समजते. तिथे पोचण्याआधी दोन-तीन हिशेब मांडू.

एका आमदारामागे किती माणसे?

धर्माबाद हे सिकंदराबाद–मनमाड रेल्वेमार्गावरचे गाव. लाल मिरचीच्या बाजारासाठी त्याचे नाव दूरवर माहीत आहे. पुढचे स्टेशन बासर, म्हणजे तेलंगण. बाजारात मराठीइतकीच सहज तेलुगू कानावर पडते. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आणि विधानसभेच्या ९ जागा आहेत. धर्माबादच्या नावाचा मतदारसंघ आता राहिलेला नाही. नायगाव, उमरी आणि धर्माबाद हे तीन तालुके मिळून आज नायगाव मतदारसंघ होतो.

१९६१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ३,९५,५३,७१८ होती आणि १९६२ च्या विधानसभेत २६४ आमदार होते. २०११ साली लोकसंख्या ११,२३,७४,३३३ झाली आणि आमदार २८८. माणसे २.८ पट वाढली, आमदार वाढले फक्त २४. दीड लाखांमागे एक असलेला आमदार आता ३ लाख ९० हजारांमागे एक झाला आहे.

३ लाख ९० हजार हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा असेल तर असे करा. समजा, आमदाराने मतदारसंघातल्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत, फक्त एक मिनिट द्यायचे ठरवले. रोज आठ तास, एकही सुटी न घेता. एक फेरी पुरी व्हायला ८१३ दिवस लागतील. म्हणजे सव्वादोन वर्षे. पाच वर्षांच्या मुदतीत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटे येतील. तेही आमदाराने पाच वर्षांत विधानसभेचे तोंड पाहिले नाही तर.

जगाशी ताडून पाहिले तर हे प्रमाण आणखी ठळक होते. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात ६५० खासदार आहेत आणि त्या प्रत्येकामागे साधारण एक लाख माणसे. आपला आमदार ब्रिटिश खासदाराच्या चौपट माणसांचा प्रतिनिधी आहे. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे या देशाची लोकसंख्या जवळपास नांदेड जिल्ह्याएवढी आहे. त्या देशाच्या संसदेत ९९ प्रतिनिधी आणि ३० सिनेटर बसतात. नांदेडचे आमदार ९. अमेरिकेतले न्यू हॅम्पशायर हे राज्य तर लोकसंख्येने नांदेड जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. २०२० च्या गणनेत तिथे १३,७७,५२९ माणसे होती, आणि त्यांच्या प्रतिनिधीगृहाचे सदस्य आहेत ४००. दर ३,४४४ माणसांमागे एक. त्यांचे मानधन वर्षाला १०० डॉलर. तेच प्रमाण नांदेडला लावले तर जिल्ह्यातून ९७६ आमदार निवडावे लागतील.

याचा अर्थ सरळ आहे. आपल्याकडचा आमदार प्रत्येक दारापर्यंत पोचूच शकत नाही. लग्न, मौत, सप्ताह, सत्कार यांत तो कितीही फिरला तरी हिशेब जुळत नाही. त्याचे मोल ठरते ते लाखो माणसांना एका फटक्यात लागू होणाऱ्या निर्णयांवरून. असे निर्णय जिथे होतात ती जागा म्हणजे सभागृह.

पाच कोटी आणि २,४३० कोटी

आता पैशांचा हिशेब. महाराष्ट्रातल्या आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. आमदार निधी म्हणतात तो हाच. समाजमंदिर, सभामंडप, हायमास्ट दिवे, सिमेंटचा रस्ता आणि या सगळ्यांवर नावाची पाटी. २८८ आमदारांचे मिळून वर्षाला १,४४० कोटी होतात.

५ कोटी ३ लाख ९० हजार माणसांत वाटले तर माणशी वर्षाला १२८ रुपये येतात. दिवसाला ३५ पैसे.

दुसऱ्या बाजूला राज्याचा अर्थसंकल्प ठेवा. २०२५–२६ चा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटी रुपयांचा होता. तो विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय खर्च होत नाही. ही रक्कम २८८ ने भागली तर एका मतदारसंघाच्या वाट्याला सरासरी २,४३० कोटी येतात. माणशी वर्षाला ६२ हजार रुपयांहून जास्त. त्यातला मोठा हिस्सा वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याजात बांधलेला असतो, हे खरे. तो बाजूला काढला तरी उरणाऱ्या रकमेपुढे ५ कोटी फार लहान दिसतात. आमदाराच्या सहीने खर्च होणारा एक रुपया आणि सभागृहात त्याच्या मताने मंजूर होणारे ४८६ रुपये, असे हे प्रमाण आहे.

गावात चर्चा होते ती त्या एका रुपयाची. आमदाराने काय केले, असे विचारले की कार्यकर्ते निधीतून झालेल्या कामांची यादी वाचतात. उरलेल्या ४८५ रुपयांसाठी सभागृहात तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी सूचना असते, अर्धा तास चर्चा असते, मागण्यांवर कपात सूचना असते. त्या हत्यारांचा हिशेब फारसा कोणी मागत नाही.

पाच टक्के माणसे, २२ टक्के सत्ता

नांदेड आणि लातूर हे जिल्हे सत्तेपासून दूर राहिले, असे कोणी म्हणू शकणार नाही. २०११ मध्ये दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ५८ लाख १५ हजार होती. राज्याच्या ५.२ टक्के. या दोन जिल्ह्यांनी चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण दोनदा, निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर, बाभळगावचे विलासराव देशमुख दोनदा आणि अशोकराव चव्हाण. बाप-लेक दोघेही मुख्यमंत्री होण्याचा महाराष्ट्रातला पहिला मान नांदेडचा. १९८६ मध्ये निलंगेकरांकडून सूत्रे शंकररावांकडे आली आणि २००८ मध्ये विलासरावांकडून अशोकरावांकडे. दोन्ही वेळा मुख्यमंत्रिपद लातूरहून नांदेडला गेले.

या चौघांचा मुख्यमंत्रिपदाचा काळ एकत्र केला तर साडेचौदा वर्षांच्या आसपास भरतो. १ मे १९६० पासूनच्या पहिल्या ६५ वर्षांपैकी साडेचौदा, म्हणजे २२ टक्के. पाच टक्के लोकसंख्येला २२ टक्के काळ राज्याचे सर्वोच्च पद. इतकी सत्ता ज्यांच्या वाट्याला आली, त्यातल्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणून द्यावे लागले. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. प्रत्येक वाघिणीत ५० हजार लिटर, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर पाणी.

ही २५ लाख लिटरची गाडी लक्षात ठेवा. पुढचे सगळे आकडे तिच्याच मापाने मोजू.

एक टीएमसी म्हणजे किती?

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. लिटरमध्ये सांगायचे तर २,८३२ कोटी लिटर. पन्नास वाघिणींच्या ११,३२७ गाड्या. रोज एक गाडी सोडली तर एक टीएमसी पाणी आणायला ३१ वर्षे लागतील.

शंकररावांकडे साठच्या दशकात पाटबंधारे खाते होते. त्या काळातले सर्वांत मोठे स्वप्न जायकवाडीचे. मूळ विचार बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधण्याचा होता. जागा बदलून पैठणला गेली, नाव तेच राहिले. पैठण हे शंकररावांचे जन्मगाव. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. त्या दिवशी राज्याचे मुख्यमंत्री शंकरराव होते.

धरणाची लांबी सुमारे १० किलोमीटर, दरवाजे २७, नाथसागर जलाशय साधारण ३५० चौरस किलोमीटर, एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १०३ टीएमसी. लिटरमध्ये २ लाख ९० हजार कोटी. महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला २५,८०० लिटर देता येतील एवढे. लातूरच्या त्या गाडीने हा साठा वाहायचा तर रोज एक गाडी सोडून ३,१८८ वर्षे लागतील. धरणाचे नियोजित लाभक्षेत्र १ लाख ८३ हजार हेक्टर. हे पाणी अडवण्यासाठी शंभराहून अधिक गावे उठली, हेही याच हिशेबात लिहायला हवे. ज्यांच्या काळ्या जमिनी नाथसागराखाली गेल्या, त्यांचा वाटा या प्रत्येक टीएमसीत आहे.

धरण भिंतीने उभे राहते, पण त्यात पाणी येणे कायद्यावर अवलंबून असते. जायकवाडीच्या वरच्या अंगाला नाशिक-नगर भागात धरणे झाली आणि खाली पैठणला पाणी कमी पडू लागले. २००५ साली विधिमंडळाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यात समन्यायी पाणीवाटपाचे कलम होते. त्या आधारे २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला: पावसाळ्याअखेर जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. २०२३ च्या दुष्काळी वर्षात याच नियमाने ८.६ टीएमसी पाणी खाली सोडण्याचा आदेश निघाला. ८.६ टीएमसी म्हणजे लातूरच्या ९७ हजार गाड्या. कायद्याच्या पुस्तकातल्या एका पोटकलमाने जे पाणी हलवले, ते २८८ आमदारांचा सगळा निधी एकत्र करूनही टँकरने आणता आले नसते.

६० टीएमसीचा करार

आता त्या मुख्य आकड्याकडे येऊ.

गोदावरी १,४६५ किलोमीटर लांबीची. तिच्या खोऱ्याचे क्षेत्र ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर, देशाच्या जवळपास दहावा भाग. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग महाराष्ट्रात आहे. १९६९ साली बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी पाणीतंटा लवाद बसला. लवादाचा निवाडा १९८० मध्ये आला, पण त्यातल्या मोठ्या वाटण्या राज्यांनी त्याआधीच आपसांतल्या करारांनी ठरवून घेतल्या होत्या. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यातला करार ६ ऑक्टोबर १९७५ चा. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण.

कराराचे सार असे. गोदावरीवर पैठणपर्यंत आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरावे. पैठण, सिद्धेश्वर आणि मांजरेवरचे निजामसागर या तीन धरणांच्या खाली, तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) पोचमपाड धरणापर्यंतच्या टापूत महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी जास्तीत जास्त ६० टीएमसी पाणी वापरावे.

नकाशा उघडा आणि हा टापू पाहा. यात नांदेड येते. धर्माबाद तर अगदी टोकाला येते, जिथून गोदावरी राज्य सोडते तिथे. ६० टीएमसी म्हणजे १ लाख ७० हजार कोटी लिटर. लातूरच्या गाडीने दररोज एक खेप केली तर १,८६० वर्षांचे पाणी. आणि हा हक्क एका वर्षापुरता नाही, दरवर्षीचा आहे. धर्माबादने १९५७ साली ज्या माणसाला निवडून दिले, त्याच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात या मुलखाचा पाण्यावरचा हक्क आकड्यांत लिहिला गेला.

बाभळीचे १४ दरवाजे

त्या हक्कातून धर्माबाद तालुक्याच्या पदरात काय पडले? बाभळीचा बंधारा. क्षमता २.७४ टीएमसी, दरवाजे १४. राज्याची सीमा इथून नदीच्या वाटेने सुमारे ७ किलोमीटरवर आणि पोचमपाड, म्हणजे श्रीरामसागर, ८१ किलोमीटरवर.

या २.७४ टीएमसीने दोन राज्यांत केवढे वादळ उठवले, ते आठवा. आंध्र प्रदेश २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०१० मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आपल्या आमदार-खासदारांसह बंधारा पाहायला निघाले. मनाईहुकूम मोडल्याबद्दल त्यांना अटक झाली आणि धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवण्यात आले. एका माजी मुख्यमंत्र्यासह शेजारच्या राज्याचे सत्तरच्या आसपास लोकप्रतिनिधी काही दिवस धर्माबादच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत स्थानबद्ध होते. आठ वर्षांनी, २०१८ मध्ये, नायडू आंध्रचे मुख्यमंत्री असताना याच प्रकरणात धर्माबादच्या न्यायालयाने त्यांच्यासह १६ जणांवर अजामीनपात्र वॉरंट काढले.

ज्या धरणाच्या काळजीने हे सारे घडले, त्या श्रीरामसागरची पायाभरणी १९६३ मध्ये पंडित नेहरूंनी केली होती. त्याची मूळ क्षमता ११२ टीएमसी. गाळामुळे ती आता ८० टीएमसीच्या आसपास धरली जाते. म्हणजे गाळाने अकरा बाभळी बंधाऱ्यांहून जास्त जागा खाल्ली आहे.

२८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बाभळीचे २.७४ टीएमसी हे १९७५ च्या ६० टीएमसीतलेच आहेत, बंधारा राहील, असा त्याचा गाभा. अटी तीन: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर राहतील, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडले जाईल आणि या सगळ्यावर तीन सदस्यांची समिती देखरेख करील. शंकररावांचे निधन २६ फेब्रुवारी २००४ रोजी झाले होते. त्यांच्या काळातल्या कराराने त्यांच्या पहिल्या मतदारसंघातला बंधारा वाचवला, तो त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षे दोन दिवसांनी.

दरवर्षी १ जुलैला बाभळीवर केंद्रीय जल आयोगाचे, तेलंगणचे आणि महाराष्ट्राचे अधिकारी जमतात. एकेक करून चौदा दरवाजे उचलले जातात. अडलेले पाणी सुटते आणि तेलंगणकडे निघते. काठावर उभे राहून धर्माबादचे शेतकरी ते पाहतात. पुढचे १२० दिवस दरवाजे वरच राहतात. पावसाळ्याचा सगळा पूर याच १२० दिवसांत वाहून जातो. २९ ऑक्टोबरला दरवाजे खाली येतात तेव्हा परतीचा पाऊस सरलेला असतो. नदीत त्या वेळी जे वाहते तेवढेच अडते. उरलेले २४५ दिवस बंधारा पाणी धरायला मोकळा असतो, पण धरायला पाणी असायला हवे.

पूर्ण भरला तर काय होऊ शकते? २.७४ टीएमसी म्हणजे ७,७५९ कोटी लिटर, लातूरच्या ३१ हजार गाड्या, रोज एक खेप करून ८५ वर्षांचे पाणी. एक हेक्टर रानावर एक मीटर उंचीचे पाणी उभे केले तर एक कोटी लिटर होते. म्हणून हे पाणी ७,७५९ हेक्टरांवर मीटरभर उभे राहील. उसाला वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे जेमतेम ३,९०० हेक्टर ऊस. हरभऱ्याला ३० सेंटिमीटर धरले तर २५ हजार हेक्टरांहून जास्त हरभरा. गळती आणि बाष्पीभवन यात धरलेले नाही, ते धरले की दोन्ही आकडे उतरतील. पण त्यांच्यातले प्रमाण तसेच राहील. ऑक्टोबरअखेर अडवायचे आणि १ मार्चला काही सोडायचे, या वेळापत्रकात हे पाणी मुळातच रब्बीचे आहे.

आमदारकी कशात मोजायची?

मराठवाड्याने आणि महाराष्ट्राने आमदारकीचे किती तरी विक्रम पाहिले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर ११ वेळा निवडून आले. १९६२ ते २०१९ या काळात फक्त दोनदा हरले. कंधारचे केशवराव धोंडगे याच पक्षाचे. त्यांनी शंभरी ओलांडली, विधानसभा गाजवली आणि १९७७ मध्ये ते नांदेडचे खासदारही झाले. नायगावचे वसंतराव चव्हाण १९७८ मध्ये गावचे सरपंच झाले. मग जिल्हा परिषद, विधान परिषद, २००९ आणि २०१४ मध्ये विधानसभा. २०२४ मध्ये ५९,४४२ मतांनी ते लोकसभेवर गेले. सरपंचपदापासून संसदेपर्यंत ४६ वर्षे. निकालानंतर ८३व्या दिवशी त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. पहिल्या दोन उमेदवारांना मिळून ११ लाख ७२ हजार मते होती. त्यातल्या ७२९ माणसांनी दुसरे बटण दाबले असते तर निकाल फिरला असता.

हे सगळे आकडे खरे आहेत आणि लक्षात राहणारे आहेत. पण किती वेळा निवडून आला आणि किती मतांनी आला, हे आमदाराच्या मेहनतीचे माप झाले. लोकांच्या पदरात काय पडले, त्याचे माप वेगळे. गणपतरावांनी ११ विजयांपलीकडे टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी पाणी परिषदेतून वर्षानुवर्षे लढा दिला, म्हणून दुष्काळी तालुक्यांत त्यांचे नाव निघते. शंकररावांचे गृहमंत्रिपद संपून आता तीन दशके होत आली. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या दोन्ही कारकिर्दी मिळून साडेचार वर्षांच्या. १९७५ चा ६० टीएमसीचा हक्क मात्र आजही लागू आहे आणि सर्वोच्च न्यायालयात टिकला आहे. माझ्या मते त्यांच्या आमदारकीचे सर्वांत मोठे फळ तेच.

त्या ६० टीएमसीत बाभळीचा वाटा साडेचार टक्क्यांच्या आसपास आहे. हक्क मिळवणे हे एका पिढीचे काम होते, तो रानापर्यंत नेणे हे पुढच्या पिढीचे. त्यासाठी सभागृहात उभे राहून आकडे मागणारा माणूस लागतो. म्हणून धर्माबाद, नायगाव, उमरीच्या आणि एकूणच नांदेड-लातूरच्या मतदारांना माझे एकच मागणे आहे. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की निधीतल्या कामांची यादी जरूर ऐका आणि मग चार प्रश्न विचारा. २९ ऑक्टोबरला दरवाजे खाली आल्यावर बाभळीत गेल्या पाच वर्षांत दर वर्षी किती पाणी साठले? त्यातून किती हेक्टर रब्बी भिजली? ६० टीएमसीपैकी आपण किती वापरतो? आणि यावर विधानसभेत आपण किती तारांकित प्रश्न विचारले? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याला आकड्यांत देता येतील, त्यालाच मत द्या.